सतेल्लेस्: एका लॅटिन अनुचराच्या दोन षष्ठी

लॅटिन शिकायला लागून चार-पाच महिने झाले होते. रोमन वक्ता सिसेरो याच्या, कटवाल्या कातिलिनाविरुद्धच्या पहिल्या भाषणात एक शब्द अडला: सतेल्लितेम्. कर्म आहे, म्हणजे द्वितीया एकवचन, एवढं शेवटच्या ‘-एम्’वरून कळलं. कोश उघडला आणि ‘सतेल्लित’ शोधलं, ‘सतेल्लितिस्’ शोधलं, ‘सतेल्लितुस्’ही पाहिलं. या मथळ्यांखाली काहीच नव्हतं. शब्द त्याच पानावर, दोन बोटं वर, ‘सतेल्लेस्’ या मथळ्याखाली होता. माझी नजर त्यावरून तीनदा तरी गेली असेल.

मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाचीही अशीच अडचण होते. तो ‘दिव्यात तेल घाल’ हे वाक्य ऐकतो आणि कोशात ‘दिव्य’ शोधायला जातो. कोशात ‘दिवा’ असतो, प्रत्यय मात्र ‘दिव्या-’ला लागतात. भाऊ, भावाला. पाणी, पाण्यात. आपण त्याला सामान्यरूप म्हणतो आणि ते आपल्या तोंडात इतकं बसलेलं असतं की त्याचा विचारही करावा लागत नाही. लॅटिनच्या तिसऱ्या गणातल्या, म्हणजे रूपं चालवण्याच्या पाच साच्यांपैकी तिसऱ्यातल्या, नामांचं सगळं मर्म या एका गोष्टीत आहे. त्यामुळे ज्याला मराठी येतं आणि शाळेतलं संस्कृत थोडंफार आठवतं, त्याने या नामांना घाबरायचं कारण नाही.

‘सतेल्लेस्’ म्हणजे अनुचर, अंगरक्षक, पाठराखा. इंग्रजीतला ‘सॅटेलाइट’ यातूनच आला. हा शब्द नीट वाचायला दोन षष्ठी लागतात. एक त्याची स्वतःची, जी त्याचं रूप सांगते. दुसरी त्याच्या मालकाची, जी त्याचा अर्थ सांगते. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

आधी थोडं उच्चाराबद्दल

इथे सगळं लॅटिन देवनागरीत लिहिलं आहे आणि ते संस्कृतसारखं वाचायचं. शेवटी हलन्त नसेल तर ‘अ’ पूर्ण म्हणायचा, मराठीसारखा गिळायचा नाही. इ-ई, उ-ऊ, अ-आ हा ऱ्हस्व-दीर्घ भेद लॅटिनमध्ये खरा आहे, त्यावर अर्थ फिरतो. ए आणि ओ मात्र लॅटिनमध्ये ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. आपल्या लिपीत त्यांना वेगळी चिन्हं नाहीत, म्हणून जिथे गरज आहे तिथे शब्दांत सांगितलं आहे. ‘त’ दंत्यच, ‘ट’ नाही. हा अभिजात रोमन उच्चार झाला. चर्चमधला उच्चार थोडा वेगळा असतो, पण रूपं तीच.

आघाताचा नियम सोपा आहे. शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर, लघू असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. लघू-गुरू आपल्या वृत्तांसारखंच मोजायचं. ‘सतेल्लेस्’मध्ये जोडाक्षरामुळे ‘तेल्’ गुरू आहे, आघात तिथे. ‘सतेल्लितेम्’मध्ये ‘लि’ लघू आहे, म्हणून आघात पुन्हा ‘तेल्’वरच. ‘सतेल्लितिबुस्’मध्ये मात्र तो ‘लि’वर सरकतो. रूपं मोठ्याने म्हटली की हे आपोआप बसतं. मुकाट्याने वाचून बसत नाही.

पहिली पायरी: कोशातली नोंद पूर्ण वाचा

लॅटिन कोशात नाम कधीच एकटं येत नाही. ‘सतेल्लेस्, सतेल्लितिस्, पुं. स्त्री.’ अशी नोंद असते. पहिलं रूप प्रथमा एकवचन, दुसरं षष्ठी एकवचन, मग लिंग. जागा वाचवायला पुष्कळ कोश दुसरं रूप ‘-इतिस्’ एवढंच छापतात आणि नवखा वाचक ते शेपूट सोडून देतो. त्या शेपटातच सगळं असतं.

षष्ठीच का देतात? एकतर लॅटिन नामांचे पाच गण षष्ठीच्या प्रत्ययावरून ओळखतात, आणि ऱ्हस्व ‘-इस्’ दिसला की तिसरा गण. दुसरं म्हणजे प्रथमेत शब्दाचं अंग झाकलेलं असतं आणि षष्ठीत ते उघडं पडतं. शब्द पाठ करायचाच असेल तर दोन्ही रूपं जोडीने पाठ करा: सतेल्लेस्-सतेल्लितिस्. एकट्या ‘सतेल्लेस्’ला पाठांतरात जागाच देऊ नका.

दुसरी पायरी: अंग काढा

‘सतेल्लितिस्’मधून ‘-इस्’ काढा, उरतं ‘सतेल्लित्-’. हे अंग, आपल्या भाषेत सामान्यरूप. पुढचे सगळे प्रत्यय याला लागणार.

मग प्रथमेत ‘त्’ कुठे गेला? इथे संस्कृतशी असलेलं नातं मला फार लोभस वाटतं. दोन्ही भाषांत प्रथमा एकवचनाचा जुना प्रत्यय ‘स्’ आहे. संस्कृतात मरुत् + स् असं झालं की शेवटी दोन व्यंजनं टिकत नाहीत; ‘स्’ जातो, ‘त्’ राहतो, रूप होतं मरुत्. लॅटिनमध्ये त् + स् आले की ‘त्’ हा ‘स्’मध्ये विरघळतो आणि ‘स्’ राहतो, म्हणून सतेल्लेस्. अडचण एकच. एका बहिणीने प्रत्यय सोडून अंग राखलं, दुसरीने अंगाचं टोक सोडून प्रत्यय राखला.

आणि ‘ए’चा ‘इ’ कसा झाला? लॅटिनमध्ये शब्दाच्या मधल्या उघड्या अक्षरातला ऱ्हस्व स्वर झिजून ‘इ’ होण्याकडे कल आहे. शेवटच्या, व्यंजनाने बंद झालेल्या अक्षरात ‘ए’ टिकला, मधल्या उघड्या अक्षरात ‘इ’ झाला. कारण समजलं तर उत्तम, नाही समजलं तरी साचा लक्षात ठेवा: -एस्, -इतिस्. याच साच्यात बसणारे शब्द भरपूर आहेत. मीलेस्, मीलितिस् म्हणजे सैनिक. एक्वेस्, एक्वितिस् म्हणजे घोडेस्वार. पेदेस्, पेदितिस् म्हणजे पायदळातला शिपाई. होस्पेस्, होस्पितिस् म्हणजे पाहुणा, आणि यजमानही. कोमेस्, कोमितिस् म्हणजे सोबती. एक सावधगिरी मात्र हवी: सेगेस् म्हणजे शेतातलं उभं पीक, त्याची षष्ठी सेगेतिस् आहे, तिथे ‘ए’ तसाच राहतो. म्हणूनच षष्ठी पाहायची, अंदाज करायचा नाही.

अंग झाकण्याची ही सवय तिसऱ्या गणात सगळीकडे आहे. राजा म्हणजे रेक्स्, षष्ठी रेगिस्, अंग रेग्-. आपल्याकडे सम्राट् म्हणतो, पण षष्ठीत सम्राजः होतं. मूळचा ‘ज्’ तिथेच दिसतो. धातूही एकच आहे, त्यांचा रेग्- आणि आपला राज्. जुन्या गोव्यात सेंट कायेतान चर्चच्या दर्शनी भागावर कोरलेलं आहे: दोमुस् मेअ, दोमुस् ओरातिओनिस्. माझं घर, प्रार्थनेचं घर. तिथला शेवटचा शब्द षष्ठीत आहे. प्रथमा ओरातिओ, अंग ओरातिओन्-, प्रथमेत शेवटचा ‘न्’ गळालेला. जुन्या गोव्याला जाणारे बेसिलिकाकडून या चर्चकडे चालत जातात. पुढच्या वेळी तिथे मान वर करून ती षष्ठी वाचा.

तिसरी पायरी: रूपं चालवा

लॅटिनमध्ये विभक्ती सहा. तृतीया, पंचमी आणि सप्तमी यांची कामं एकाच विभक्तीत येऊन मिळाली आहेत, तिला इथे पंचमी म्हणू. अभ्यासाच्या सोयीसाठी मरुत्-ची रूपं शेजारी ठेवली आहेत.

एकवचन:
प्रथमा: सतेल्लेस् (मरुत्)
द्वितीया: सतेल्लितेम् (मरुतम्)
चतुर्थी: सतेल्लिती (मरुते)
पंचमी: सतेल्लिते (मरुतः)
षष्ठी: सतेल्लितिस् (मरुतः)
संबोधन: सतेल्लेस् (मरुत्)

अनेकवचन:
प्रथमा: सतेल्लितेस् (मरुतः)
द्वितीया: सतेल्लितेस् (मरुतः)
चतुर्थी: सतेल्लितिबुस् (मरुद्भ्यः)
पंचमी: सतेल्लितिबुस् (मरुद्भ्यः)
षष्ठी: सतेल्लितुम् (मरुताम्)
संबोधन: सतेल्लितेस् (मरुतः)

‘-एम्’ आणि ‘-अम्’, ‘-उम्’ आणि ‘-आम्’, ‘-बुस्’ आणि ‘-भ्यः’ हे सख्खे आहेत. अनेकवचनात चतुर्थी आणि पंचमी एकसारख्या असणं हेसुद्धा दोन्हीकडे आहे. शाळेत मरुत् चालवायला लावणाऱ्या बाईंचे आभार मी वीस वर्षांनी, लॅटिनच्या वहीपुढे बसून, मनातल्या मनात मानले.

चार ठिकाणी चुका होतात. पहिली चूक चतुर्थी आणि पंचमी एकवचनात. सतेल्लिती दीर्घ ‘ई’ची, सतेल्लिते ऱ्हस्व ‘ए’ची. दुसरी, दोन प्रथमांमध्ये. एकवचन सतेल्लेस् आणि अनेकवचन सतेल्लितेस् हे घाईत सारखे वाटतात, पण अनेकवचनात एक अक्षर जास्त आहे आणि शेवटचा ‘ए’ दीर्घ आहे. तिसरी, षष्ठी अनेकवचनात. तिसऱ्या गणात काही नामांना ‘-इउम्’ लागतो. कीविस् म्हणजे नागरिक, त्याचं कीविउम् होतं, कारण तिथे प्रथमा आणि षष्ठी एकवचन दोन्ही दोन-दोन अक्षरांची आहेत. आपल्या शब्दात प्रथमा तीन अक्षरी आणि षष्ठी चार अक्षरी, अक्षर वाढलं, म्हणून साधा ‘-उम्’. हा ढोबळ नियम आहे, अपवाद पुढे भेटतील, पण या शब्दाला तो चोख लागू पडतो. चौथी चूक इंग्रजीमुळे होते. इंग्रजी ‘सॅटेलाइट्स’ आणि लॅटिन ‘सतेल्लितेस्’ रोमन लिपीत अक्षर न् अक्षर सारखे लिहितात. पण लॅटिन शब्द चार अक्षरी आहे, मधला ‘लि’ ऱ्हस्व आहे आणि ‘लाइट’चा तिथे मागमूसही नाही.

सराव चार वाक्यांनी करा. रेक्स् सतेल्लितेम् वोकत्: राजा अनुचराला बोलावतो. सतेल्लेस् रेगी ग्लदिउम् दत्: अनुचर राजाला तलवार देतो. रेक्स् कुम् सतेल्लितिबुस् अम्बुलत्: राजा अनुचरांसह चालतो. सतेल्लितेस् रेगेम् तिमेन्त्: अनुचर राजाला घाबरतात. क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखंच, त्यामुळे वाक्य कानाला परकं वाटत नाही. आता शेवटच्या वाक्यातले शब्द उलटसुलट करून पाहा: रेगेम् तिमेन्त् सतेल्लितेस्. अर्थ तोच. कोण कोणाला घाबरतो हे प्रत्यय सांगतात, जागा नाही.

चौथी पायरी: लिंग शब्दात नाही, शेजाऱ्यात पाहा

नोंदीत ‘पुं. स्त्री.’ असं लिहिलेलं असतं. मराठीत सेवक-सेविका अशी वेगळी रूपं होतात, इथे होत नाहीत. सतेल्लेस् पुरुषालाही आणि स्त्रीलाही. मग ओळखायचं कसं? विशेषणावरून.

सिसेरोने आपल्याच गावच्या, आर्पिनुमच्या रोमन सेनापती मारिउसवर एक काव्य रचलं होतं. त्यातला एक उतारा त्याने स्वतःच शकुनविद्येवरच्या आपल्या ग्रंथात उद्धृत केला आहे. त्याची पहिली ओळ अशी: हीक् योविस् अल्तिसोनी सुबितो पिन्नात सतेल्लेस्. तेवढ्यात उंच गर्जणाऱ्या देवराज युप्पितेरची पंख असलेली अनुचर. पुढे ती सापाने डसून जखमी झालेली असूनही त्याला नखांनी फाडते. ही अनुचर म्हणजे गरुड पक्षी. लॅटिनमध्ये गरुडाला अक्विल म्हणतात आणि तो शब्द स्त्रीलिंगी आहे. म्हणून ‘पिन्नातुस्’ नाही, ‘पिन्नात’. ‘सतेल्लेस्’च्या अंगावर स्त्रीलिंगाची एकही खूण नाही, सगळी माहिती शेजारच्या विशेषणाकडे आहे. पुढच्या ओळींतली ‘जखमी’ आणि ‘स्वतः’ या अर्थाची विशेषणंही स्त्रीलिंगीच आहेत. एरवी, राजवाड्यातल्या हत्यारबंद माणसांबद्दल बोलताना, हा शब्द पुल्लिंगीच भेटेल.

जाता जाता ‘योविस्’ही पाहून घ्या. प्रथमा युप्पितेर्, षष्ठी योविस्. अंग इतकं बदललं आहे की दोन वेगळे शब्द वाटावेत. युप्पितेर् म्हणजे आपला द्यौष्पितर्, ‘पिता’ प्रथमेत चिकटून राहिला आणि षष्ठीत गळून पडला.

पाचवी पायरी: कोणाचा? मालकाची षष्ठी शोधा

इथपर्यंत रूप झालं. आता अर्थ, आणि लेखातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच.

सतेल्लेस् हा शब्द सहसा एकटा राहत नाही. त्याच्या आसपास षष्ठीतलं दुसरं नाम शोधायचं: राजाचा, देवाचा, यमाचा. ते सापडलं की मराठी प्रतिशब्द आपोआप ठरतो. योविस् सतेल्लेस्, युप्पितेरचा अनुचर, म्हणजे गरुड. रोमन कवी होरातिउसच्या एका गीतात ‘सतेल्लेस् ओर्की’ येतो. ओर्कुस् म्हणजे पाताळ आणि त्याचा धनी. लाच घेऊन ग्रीक पुराणातल्या प्रोमेथेउसला परत आणायला हा सतेल्लेस् तयार झाला नाही, असं कवी सांगतो. याला मराठीत अंगरक्षक म्हणणं चूकच. यमदूत, दुसरा शब्द शोधायलाच नको.

षष्ठीत माणूसच पाहिजे असं नाही, आणि तिथेच सिसेरोचं ते वाक्य येतं. इसवीसनपूर्व ६३, नोव्हेंबर महिना. कातिलिना समोर सिनेटमध्ये बसलेला आहे. इटलीतल्या एत्रूरिया प्रांतात त्याच्यासाठी सैन्य जमवणाऱ्या मान्लिउसचा उल्लेख करताना सिसेरो म्हणतो: मान्लिउम्, औदाकिऐ सतेल्लितेम् अत्क्वे अद्मिनिस्त्रुम् तुऐ.

हे सावकाश सोडवू. मान्लिउम् द्वितीया एकवचन. सतेल्लितेम् आणि अद्मिनिस्त्रुम् हीदेखील द्वितीया एकवचन, म्हणजे तिन्ही शब्द एकाच माणसाबद्दल. अत्क्वे म्हणजे आणि. उरले औदाकिऐ आणि तुऐ. औदाकिअ हे पहिल्या गणातलं स्त्रीलिंगी नाम, त्याची षष्ठी औदाकिऐ. आणि ‘तुऐ’, वाक्याच्या टोकाला एकटं पडलेलं ‘तुझ्या’, कोणाचं विशेषण? मराठी कान सांगतो की जवळच्या नामाचं, म्हणजे ‘तुझा हस्तक’. पण तसं असतं तर ‘तुउम्’ आलं असतं. तुऐ स्त्रीलिंगी षष्ठी आहे, तेव्हा त्याची जोडी चार शब्द मागे असलेल्या औदाकिऐशीच जमते. तुझ्या औदाकिअचा. मधे मान्लिउसला लावलेली दोन्ही नामं आली आहेत आणि दोन्ही बाजूंनी ‘तुझी औदाकिअ’ने त्यांना कवेत घेतलं आहे. अनुचर वाक्यातही मालकाच्या मधोमध उभा आहे. ही किमया मराठी शब्दक्रमात उतरवता येत नाही, तिची मला दर वेळी हळहळ वाटते.

औदाकिअचा कोशातला अर्थ धाडस. पण सिसेरोच्या तोंडी हा शब्द शिवीच्या जवळ जातो. मग सतेल्लेस्सुद्धा ‘सेवक’ राहत नाही. मी असा अनुवाद करेन: ‘मान्लिउस, तुझ्या मुजोरीचा पाठराखा आणि हस्तक’.

शब्दाला हा काळा रंग कसा चढला? सतेल्लेस् मुळात राजाच्या भोवतीचा हत्यारबंद माणूस. रोमनांनी राजे हाकलून दिले होते आणि ‘रेक्स्’ हा शब्दच त्यांच्या राजकारणात आरोपासारखा वापरला जाई. प्रजासत्ताकातल्या माणसाला कोणी कुणाचा सतेल्लेस् म्हटलं की त्यात दोन आरोप आले. तू हुजऱ्या आहेस, आणि तुझा धनी जुलमी राजा आहे. शब्दाची व्युत्पत्ती निश्चित नाही, तो इटलीतल्या प्राचीन एत्रुस्कन भाषेतून आला असावा असा तर्क केला जातो.

होरातिउसची आणखी एक ओळ सरावाला घ्या: औरुम् पेर् मेदिओस् ईरे सतेल्लितेस्. औरुम् म्हणजे सोनं. ईरे म्हणजे जाणं. ‘पेर्’ला द्वितीया लागते, तेव्हा प्रथमा आणि द्वितीया सारख्याच दिसणाऱ्या सतेल्लितेस्चा निकाल लागला: द्वितीया अनेकवचन. मेदिओस् हे त्याचं विशेषण. सोन्याला पहारेकऱ्यांच्या मधून वाट काढायला आवडतं. इथे मालकाची षष्ठी नाही, पण संदर्भ बुरुजात कोंडलेल्या राजकन्येचा आहे, म्हणून ‘पहारेकरी’.

सहावी पायरी: भाऊबंदांपासून वेगळा ओळखा

लॅटिनमध्ये अनुचराला शब्द पुष्कळ, आणि सगळ्यांना ‘सेवक’ म्हणून मोकळं झालं की वाक्याची चव जाते. मी ते जागेवरून लक्षात ठेवतो. लिक्तोर् पुढे चालतो, काठ्यांची मोळी खांद्यावर घेऊन. कॉन्सुल या सर्वोच्च अधिकाऱ्यापुढे असे १२ असत. आपला चोपदार त्याच्या अगदी जवळचा. पेदिसेक्वुस् मागून चालतो, शब्दशः पायामागून येणारा. कोमेस् बरोबरीने चालतो. सतेल्लेस् भोवती असतो, हत्यारासह. फमुलुस् घरातला चाकर.

पेदिसेक्वुस्मधला ‘सेक्व्’ हा धातू आणि संस्कृतातला ‘सच्’, सोबत असणं, एकच आहेत. ‘सच्’पासून सचिव झाला. मिनिस्तेर् म्हणजेही सेवकच, ‘मिनुस्’ म्हणजे कमी, त्यापासून आलेला. त्याच्या उलट ‘मगिस्’ म्हणजे अधिक, त्यापासून मगिस्तेर्. मुंबईच्या मंत्रालयात बसणारे मिनिस्टर आणि सचिव, एकाच्या पदनामाचा मूळ अर्थ सेवक, दुसऱ्याच्या सोबती. आणि मगिस्तेर् इंग्रजीमार्गे आपला मास्तर झाला, पोर्तुगीजमार्गे मेस्त्री.

कोमेस्ची घडण तर संस्कृतच्या विद्यार्थ्याने हातात घेऊन पाहावी अशी. कोम् म्हणजे सह, ‘इ’ म्हणजे जाणं, तोच आपल्या ‘एति’मधला धातू, आणि शेवटी एक ‘त्’. संस्कृतात समासाच्या शेवटी ऱ्हस्व स्वराच्या धातूला असाच ‘त्’ लागतो: इंद्रजित्मध्ये ‘जि’ला लागलेला ‘त्’ तोच. कोम्-इ-त्, सोबत जाणारा. १९५७च्या ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, त्याचं नाव स्पुत्निक म्हणजे सहप्रवासी. त्यातला ‘पुत्’ म्हणजे वाट, आपल्या ‘पथ’चा भाऊबंद. अर्थाने पाहिलं तर रशियनांनी कोमेस् निवडला.

सातवी पायरी: एक अख्खं शीर्षक सोडवा

आकाशात सतेल्लेस् नेला केप्लरने. गॅलिलिओला जानेवारी १६१०मध्ये गुरूजवळ (युप्पितेर हेच त्या ग्रहाचं लॅटिन नाव) चार ठिपके दिसले, त्याने त्यांना फ्लोरेन्सच्या सत्ताधारी मेदिची घराण्याचं नाव दिलं. केप्लर तेव्हा प्रागमध्ये सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या पदरी गणिती होता. उसन्या मिळालेल्या दुर्बिणीतून त्याने ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत ते स्वतः पाहिले आणि १६११मध्ये छोटी पुस्तिका छापली. तिचं शीर्षक: नार्रातिओ दे ओब्सेर्वातीस् आ से क्वतुओर् योविस् सतेल्लितिबुस् एर्रोनिबुस्.

वही-पेन घ्या आणि पुढचं वाचण्याआधी स्वतः सोडवून पाहा.

‘दे’, म्हणजे ‘-विषयी’, पंचमी मागतो. तेव्हा पुढे पंचमी शोधायची. सतेल्लितिबुस् हे चतुर्थी किंवा पंचमी अनेकवचन, ‘दे’मुळे पंचमी ठरली. ओब्सेर्वातीस् हे ‘पाहिलेल्या’ या अर्थाचं विशेषण, तेही पंचमी अनेकवचन, त्याच नामाचं. आ से म्हणजे स्वतःकडून. क्वतुओर् म्हणजे चार, ते चालत नाही. एर्रोनिबुस् हे एर्रो, एर्रोनिस् म्हणजे भटक्या, या नामाचं रूप. अंग पुन्हा प्रथमेत झाकलेलं. आणि मालकाची षष्ठी? योविस्. ‘गुरूच्या चार भटक्या अनुचरांविषयी, स्वतः पाहिलेल्या, वृत्तांत’.

सिसेरोच्या काव्यात योविस् सतेल्लेस् म्हणजे गरुड होता. केप्लरने तेच दोन शब्द उचलले, वचन बदललं, आणि ते चंद्र झाले. दरबारात राहणाऱ्या या माणसाने सम्राटाभोवतीचे हत्यारबंद लोक रोज पाहिले असणार. तो शब्द त्याला सुचला याचं मला नवल वाटत नाही.

आता शेवटचा सराव, तुमच्यासाठी. त्याच गरुडाला होरातिउस दुसऱ्या एका गीतात असं म्हणतो: मिनिस्त्रुम् फुल्मिनिस् आलितेम्. फुल्मिनिस् म्हणजे विजेचा, वज्राचा, ही षष्ठी. मिनिस्त्रुम् तुम्हाला आता ओळखता येतो. आलितेम् कोशात कुठे शोधाल? ‘-इतेम्’ काढा, ‘-एस्’ लावा: आलेस्, आलितिस्, पक्षी.